मोटारगाडीच्या एंजिनातील अंतर्ग्रहण भाग व त्यांतील घरगुती फेरबदल

मोटारगाडीच्या एंजिनातील अंतर्ग्रहण भाग व त्यांतील घरगुती फेरबदल : बाहेरील हवा एंजिनाच्या सिलिंडरापर्यंत ज्या भागांतून जाते त्या सर्व भागांना मिळून अंतर्ग्रहण योजना म्हणतात. हवागाळणी व तिची पेटी, कार्ब्युरेटर (किंवा आधुनिक गाडीत थ्रॉटल झडपेचा भाग), शाखानळी म्हणजे मॅनिफोल्ड, सिलिंडराच्या माथ्यातील द्वारमार्ग आणि अखेरीस अंतर्ग्रहण झडप असा हा क्रम असतो. कारखान्यातून आलेल्या गाडीतील हे भाग बदलून, कापून, घासून वा घोटून एंजिनाची शक्ती वाढविण्याची खटपट हौशी गाडीमालक व लहान गॅरेजांतील कारागीर जगभर करीत आले आहेत. एंजिनाचे मुख्य हलते भाग न उघडता हे काम करता येते व हत्यारेही साधी लागतात, म्हणून घरगुती फेरबदलांची सुरुवात बहुधा येथूनच होते. यांपैकी काही फेरबदल खरोखर उपयोगी, काही निरुपयोगी व काही एंजिनाचे आयुष्य घटविणारे असतात. कोणता फेरबदल कोणत्या प्रकारात मोडतो हे गाडी जेथे चालते तेथील हवेवर व धुळीवर पुष्कळसे अवलंबून असते.

पूर्वपीठिका : फोर्ड कंपनीने १९३२ मध्ये स्वस्त गाडीत आठ सिलिंडरांचे एंजिन आणल्यावर अमेरिकेत या छंदाला जोर चढला. व्हिक एडेलब्रॉक यांनी त्या एंजिनासाठी दोन कार्ब्युरेटरांची शाखानळी १९३८ च्या सुमारास तयार केली व पुढे तिचा व्यवसायच झाला. इटलीत कार्लो आबार्ट यांच्या १९४९ मध्ये स्थापन झालेल्या कंपनीने फियाटच्या लहान गाड्यांसाठी असे सुटे भाग विकले. ब्रिटनमध्ये हॅरी वेस्लेक यांनी सिलिंडर-माथ्यातून जाणारा हवेचा प्रवाह प्रत्यक्ष मोजून द्वारमार्गांचे आकार ठरविण्याचे काम केले. त्यांचे काम विशेष महत्त्वाचे म्हणावे लागेल कारण तोपर्यंत डोळ्यांना सुबक दिसणारा मार्ग हवेलाही सुबक वाटत असावा असे गृहीत धरले जाई.

भारतात दीर्घकाळ मोजक्याच प्रकारच्या गाड्या मिळत. वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये स्थापन केलेल्या प्रीमियर ऑटोमोबाईल्स कंपनीच्या मुंबईतील कुर्ला येथील कारखान्यात १९६४ पासून फियाट ११०० डिलाइट ही गाडी तयार होऊ लागली. १९७४ पासून ती प्रीमियर पद्मिनी या नावाने विकली गेली व नव्या शतकाच्या आरंभी तिचे उत्पादन थांबले. मुंबईच्या रस्त्यांवरील तिच्या शेवटच्या टॅक्सीची मुदत ऑक्टोबर २०२३ मध्ये संपली, तरी हौशी मालकांनी जपलेल्या पद्मिनी अजून आढळतात. सिलिंडराचा व्यास ६८ मिमी., दट्ट्याची धाव ७५ मिमी., चार सिलिंडर मिळून १,०८९ घ. सेंमी. व शक्ती सु. ४० अश्वशक्ती असे हे साधे, कार्ब्युरेटरचे एंजिन महाराष्ट्रातील दोन पिढ्यांच्या कारागिरांनी उघडले व जोडले. म्हणून पुढील विवेचनात उदाहरणासाठी तेच घेतले आहे.

एंजिनाची हवेची गरज : अंतर्ज्वलन-एंजिन हा मूलतः हवेचा पंप आहे. इंधन हवे तितके ओतता येते, हवा मात्र दट्ट्या खाली सरकताना निर्माण होणाऱ्या दाबाच्या फरकाने आत यावी लागते. चार धावांच्या एंजिनात भुजादंडाच्या दोन फेऱ्यांत प्रत्येक सिलिंडर एकदा भरतो. पद्मिनीचे एंजिन मिनिटाला ४,८०० फेऱ्या करीत असेल, तर त्याने मिनिटाला २,६०० लि. हून थोडी अधिक हवा घ्यावयास हवी. प्रत्यक्षात मार्गातील अडथळ्यांमुळे व आत शिरताना हवा तापल्यामुळे तिच्या सु. तीन-चतुर्थांश, म्हणजे १,९०० ते २,००० लि. हवाच आत जाते. या प्रमाणास घनीय कार्यक्षमता म्हणतात. अंतर्ग्रहण भागांतील कोणताही फेरबदल ही कार्यक्षमता वाढवितो किंवा वाढवीत नाही, एवढीच त्याची खरी कसोटी.

हवेचे वस्तुमान महत्त्वाचे असते, घनफळ नव्हे. नगर–मनमाड रस्त्यावर प्रवरा नदीकाठी वसलेले कोल्हार (राहाता तालुका, अहिल्यानगर – पूर्वीचा अहमदनगर – जिल्हा) समुद्रसपाटीपासून सु. ५०० मी. उंचीवर आहे. तेथे हवेचा दाब समुद्रसपाटीपेक्षा सु. ६ टक्के कमी असतो. उन्हाळ्यात दुपारी तापमान ४०° से. असताना तेथील १ घ. मी. हवेचे वस्तुमान सु. १.०६ किग्रॅ. भरते. मुंबईच्या किनाऱ्यावर ३०° से. तापमानास ते सु. १.१६ किग्रॅ. असते. म्हणजे तीच गाडी, तोच चालक व तेच एंजिन असताही कोल्हारला दर श्वासात ८ टक्क्यांहून अधिक हवा कमी मिळते. घाट चढून आल्यावर गाडी ‘बसली’ असे वाटते त्याचे कारण बहुधा हेच असते व त्यासाठी कार्ब्युरेटर उघडण्याचे प्रयोजन नसते.

हवागाळणी : सर्वांत आधी हात पडतो तो गाळणीवर. ती काढून टाकली किंवा तिच्या जागी उघडी जाळी बसविली की एंजिनाचा आवाज मोठा व खोल होतो, आणि आवाज वाढला म्हणजे शक्ती वाढली असा समज होतो. गाळणीची पेटी झडपांच्या उघडझापीचा घुमारा शोषून घेण्यासाठीही बनविलेली असते. ती गेल्यावर जे ऐकू येते ते पूर्वीही होतेच. शिवाय कार्ब्युरेटरमधून कधी उलट ज्वाला आली, तर गाळणी ती अडविते.

गाळणीमुळे शक्ती किती घटते हे घरी मोजता येते. पारदर्शक नळी इंग्रजी ‘यू’ अक्षराप्रमाणे वाकवून तीत पाणी भरावे. तिचे एक तोंड गाळणी व कार्ब्युरेटर यांच्या मधल्या जागेस जोडावे व दुसरे मोकळे ठेवावे. थ्रॉटल पूर्ण उघडून गाडी चढावर नेताना शेजारी बसलेल्या माणसाने पाण्याच्या दोन पातळ्यांतील अंतर टिपावे. नळी पुरेशी उंच नसेल तर पाणी एंजिनात ओढले जाईल, म्हणून ती किमान १ मी. उंचीची असावी. दहा सेंमी. अंतर म्हणजे सु. १ किलोपास्कल दाब, अर्थात हवेच्या घनतेत व सर्वसाधारणपणे शक्तीतही सु. १ टक्का घट. स्वच्छ कागदी गाळणीने पडणारा फरक बहुतेक गाड्यांत याच पातळीचा असतो. म्हणजे ४० अश्वशक्तीच्या एंजिनात गाळणी काढून अर्ध्या अश्वशक्तीच्या आसपास लाभ होतो. अंतर २५–३० सेंमी.पर्यंत गेले, तर दोष गाळणीच्या रचनेत नसून ती तुंबल्यात असतो व ती बदलणे हाच उपाय होय.

आता दुसरी बाजू. हवागाळणीच्या आंतरराष्ट्रीय मानक चाचणीत १ घ. मी. हवेत १ ग्रॅम धूळ मिसळून ती गाळणीतून ओढतात. पुढे चाललेल्या वाहनाच्या मागे कच्च्या रस्त्यावर काहीच दिसेनासे होते तेव्हा हवेत धूळ साधारण इतकीच असते. मध्यम वेगाने चालणारे लहान एंजिन मिनिटाला सु. १ घ. मी. हवा घेते, म्हणजे अशा धुळीत तासाला ६० ग्रॅम धूळ. चांगली कागदी गाळणी यातील ९९ टक्क्यांहून अधिक अडविते. गाळणी नसेल तर ही सर्व धूळ सिलिंडरात जाते, तेलाच्या पातळ थरात मिसळते आणि दट्ट्याच्या कड्या व सिलिंडराची भिंत घासते. ५ ते २० मायक्रॉन आकाराचे कण विशेष घातक असतात, कारण तेलाच्या थराची जाडी त्याच मापाची असते. त्याहून मोठे कण फटीत शिरत नाहीत आणि अगदी बारीक तेलाबरोबर वाहून जातात. ऊसतोडणीच्या हंगामात कोल्हारसारख्या गावाच्या शिवाररस्त्यांवरून ट्रॅक्टर व बैलगाड्या यांची ये-जा सुरू असते तेव्हा हवा अशा कणांनीच भरलेली असते. तेथील जुन्या ट्रॅक्टरांवर तेलाच्या वाटीतून हवा फिरविणारी गाळणी व तिच्याही आधी भोवऱ्याने जाड धूळ वेगळी करणारा टोप बसविलेला दिसतो तो उगीच नव्हे. अर्ध्या अश्वशक्तीसाठी गाळणी काढणे हा या प्रदेशात निव्वळ तोट्याचा व्यवहार ठरतो. धुराला निळसर छटा येऊन तेल कमी होऊ लागते तेव्हा झीज झालेली असते आणि नंतर गाळणी परत बसवून ती भरून येत नाही.

थंड हवेची नळी : गाळणी न काढता होणारा खरा लाभ ती हवा कोठून घेते यात असतो. बॉनेटखाली विकिरकाच्या मागे उन्हाळ्यात तापमान सहज ७०° से.पर्यंत जाते. बाहेर ४०° से. असता ७०° से.ची हवा घेणारे एंजिन सु. ९ टक्के हवेला मुकते. गाडीच्या पुढील जाळीमागून गाळणीच्या पेटीपर्यंत रुंद, कमी वळणांची व उष्णता न पोहोचेल अशी नळी आणली, तर ही तूट बरीच भरून निघते. कारखान्यातून अशी नळी बसवून आलेली असेल तर तिची फुटलेली वळी व सैल पट्ट्या दुरुस्त करणे पुरेसे असते. पुष्कळ गाड्यांत ही नळी एखाद्या दुरुस्तीच्या वेळी काढलेली असते व परत बसविलेली नसते. तिचे तोंड मात्र फार खाली ठेवू नये. पावसाळ्यात ओढ्याच्या फरशीवरून गाडी नेताना पाणी आत ओढले गेले, तर ते दाबले न जाता दट्ट्याला थोपविते व संयोगदांडा वाकतो.

कार्ब्युरेटर व जेट : कार्ब्युरेटरमधील निमुळत्या घशातून जाताना हवेचा वेग वाढतो, दाब कमी होतो व त्या फरकाने तरंडकोषातील पेट्रोल एका बारीक छिद्रातून ओढले जाते [→ कार्ब्युरेटर]. या छिद्राच्या पितळी तुकड्यास गॅरेजात जेट म्हणतात. त्यावरील आकडा बहुधा छिद्राचा व्यास मिमी.च्या शंभराव्या भागात दर्शवितो. १२० आकड्याच्या जेटचा व्यास १.२० मिमी. असतो. प्रवाह क्षेत्रफळाच्या प्रमाणात, म्हणजे व्यासाच्या वर्गाच्या प्रमाणात बदलतो. त्यामुळे १२० च्या जागी १२५ बसविल्यास पेट्रोल सु. ८.५ टक्क्यांनी आणि १३० बसविल्यास १७ टक्क्यांनी वाढते. आकड्यातील लहान दिसणारा फरक मिश्रणात मोठा होतो, हे न ओळखल्याने या कामात सर्वाधिक चुका होतात.

शुद्ध पेट्रोलच्या पूर्ण ज्वलनास वजनाने १४.७ पट हवा लागते. कमाल शक्ती १२.५ ते १३ पट हवेस मिळते व काटकसर १५–१६ पट हवेस साधते. मोठे जेट बसविल्याने शक्ती वाढते ती फक्त मूळ मिश्रण फार पातळ असेल तर. अन्यथा गुडदीवर (प्लगवर) काळी काजळी, सिलिंडराच्या भिंतीवरील तेल धुऊन जाणे व दर लिटरला कमी अंतर एवढाच परिणाम होतो. शिवाय हवा विरळ झाली की कार्ब्युरेटर आपोआप अधिक दाट मिश्रण देतो. ही वाढ घनतेच्या वर्गमुळाच्या व्यस्त प्रमाणात असते. मुंबईत बरोबर बसविलेले जेट कोल्हारच्या उन्हाळ्यात सु. ४.५ टक्के जादा पेट्रोल देते. म्हणजे पठारावर शक्ती कमी वाटते म्हणून मोठे जेट बसविणारा नेमका उलट्या दिशेने जात असतो.

याच्या विरुद्ध जाणारी गोष्ट अलीकडे घडली आहे. उसाची मळी व रस तसेच धान्य यांपासून मिळणारे इथेनॉल पेट्रोलमध्ये मिसळण्याचे प्रमाण टप्प्याटप्प्याने वाढून २०२५ मध्ये २० टक्क्यांवर गेले. कोल्हारलगतच्या प्रवरानगर येथील सहकारी कारखान्याने ज्या साखर उद्योगाचा पाया १९५० च्या सुमारास घातला, त्या उद्योगाचे हे एक नवे उत्पादन होय. इथेनॉलच्या रेणूत ऑक्सिजन असल्याने त्याला केवळ ९ पट हवा पुरते आणि २० टक्के मिश्रणास सु. १३.५ पट लागते. पेट्रोलसाठी ठरविलेल्या जुन्या कार्ब्युरेटरात हे इंधन घातल्यास मिश्रण ८–९ टक्के पातळ पडते. गाडी गरम होते, अडखळते व जोराने रेटल्यास झडपांना इजा पोहोचण्याचा धोका असतो. जुन्या पद्मिनीत १२० च्या जागी १२५ असा एका पायरीचा बदल आता समर्थनीय ठरतो, तो या कारणाने. पठारावरील उन्हाळ्यात याची निम्मी भरपाई विरळ हवेनेच झालेली असते, म्हणून बदलण्यापूर्वी गुडदीचा रंग पाहावा. फिक्या विटकरी रंगाची गुडदी योग्य मिश्रण दर्शविते आणि पांढुरकी पातळ मिश्रण. जुन्या रबरी नळ्या व पापुद्रे इथेनॉलने फुगतात, तेव्हा तेही त्याच वेळी बदलणे इष्ट. मूळ जेटचे छिद्र सुईने वा बरम्याने मोठे करू नये. जेटचा आकडा व्यासाचा असला, तरी कारखान्यात त्याचा प्रवाह तपासलेला असतो. घरी पाडलेल्या छिद्राच्या कडा खडबडीत राहतात व पुढे जाण्याचा आणि परतण्याचा दोन्ही मार्ग बंद होतात.

शाखानळी व द्वारमार्ग : शाखानळी व सिलिंडर-माथा यांच्या जोडात ओतकामातील फरकामुळे पायरी पडते किंवा गॅस्केटची कड मार्गात डोकावते. दोन्ही तोंडे गॅस्केटच्या मापाने जुळविणे हे स्वस्त व निर्धोक काम आहे. द्वारमार्ग सरसकट मोठा करणे मात्र वेगळे. मार्ग रुंद झाला की कमी फेऱ्यांना हवेचा वेग घटतो, पेट्रोलचे थेंब भिंतीवर बसतात व गावातून, घाटातून वा बाजाराच्या गर्दीतून गाडी चालविताना लागणारा मंद गतीचा जोर कमी होतो. मिळणारा लाभ मिनिटाला ४,५०० फेऱ्यांच्या पुढे असतो आणि सामान्य चालक तेथे क्वचितच पोहोचतो. मार्ग आरशासारखा घोटण्याचा हव्यास तर कार्ब्युरेटरच्या एंजिनात अहितकारक ठरतो, कारण किंचित खरखरीत भिंत पेट्रोलचा थर मोडून त्याची पुन्हा वाफ करण्यास मदत करते.

प्रवाहाला खरा अडथळा झडपेच्या बैठकीपाशी असतो. झडप आपल्या व्यासाच्या एक-चतुर्थांश उचलली गेली म्हणजे तिच्या भोवतीच्या फटीचे क्षेत्रफळ द्वाराच्या क्षेत्रफळाइतके होते. त्यापूर्वी फटच अरुंद असते. म्हणून बैठकीच्या वर व खाली निराळे कोन देऊन तिच्या कडा सौम्य करणे हे सबंध मार्ग कोरण्यापेक्षा अधिक फलदायी होते. हे काम बैठक कापण्याच्या यंत्रावरच करावे. हातातील विजेच्या सहाणेने ते बिघडते, पाण्याच्या पोकळीपर्यंत भिंत भेदली जाण्याची भीती असते व कोपऱ्यात राहिलेला धातूचा कीस एंजिन सुरू होताच आत जातो. नळीच्या लांबीनुसार तीत उठणाऱ्या दाबलाटांचा उपयोग करून झडप मिटण्याच्या क्षणी जादा हवा कोंबता येते, परंतु हा मेळ फेऱ्यांच्या एका ठराविक पट्ट्यातच बसतो व शर्यतीच्या गाड्यांसच तो विशेष उपयोगी असतो.

इंधन-अंतःक्षेपणाच्या गाड्या : २००० सालाच्या आसपास प्रदूषणाची मानके कडक झाल्यावर नव्या मोटारगाड्यांतून कार्ब्युरेटर गेले. त्यानंतरच्या गाड्यांत हवेचा दाब वा प्रवाह मोजून संगणक पेट्रोल फवारतो आणि निष्कास नळीतील ऑक्सिजन-संवेदकाच्या आधारे मिश्रण दुरुस्त करीत राहतो. कोल्हारची उंची व दुपारचे ऊन यांचा हिशोब अशी गाडी स्वतःच ठेवते. त्यामुळे केवळ गाळणी बदलून मिश्रणात फरक पडत नाही. उलट तेल लावलेली जाळीदार गाळणी वापरल्यास तेलाचा अंश हवा मोजणाऱ्या तापलेल्या तारेवर बसून मापन चुकते. मिश्रण मुद्दाम दाट केल्यास निष्कास मार्गातील उत्प्रेरक तापून निकामी होतो. भारत स्टेज ६ ही मानके १ एप्रिल २०२० पासून लागू झाल्यानंतरच्या गाड्यांत असा बिघाड नोंदवून दिवा लावण्याची सोय आहे.

परिणामाचे मापन : वरच्या वेगात बहुतेक शक्ती हवेच्या विरोधात खर्च होते व ती वेगाच्या घनाच्या प्रमाणात लागते. शक्ती ४ टक्के वाढल्यास ताशी १०० किमी.चा कमाल वेग सु. १०१.३ किमी. होतो. वेगदर्शकावर हा फरक वाचता येत नाही. चढाच्या ठराविक टप्प्यास लागणारा वेळ घड्याळाने मोजणे अधिक विश्वसनीय असते. त्यातही दिवसाची वेळ, टायरमधील हवा व टाकीतील पेट्रोल सारखे ठेवून प्रत्येक चाचणी अनेकदा करावी. तापमानात १०° से. फरक पडला तरी हवेची घनता ३ टक्क्यांनी बदलते व सकाळ-दुपारच्या चाचण्यांची तुलना फसते. एका वेळी एकच भाग बदलावा आणि मूळ भाग जपून ठेवावा.

कायदेशीर बाजू : मोटार वाहन अधिनियम १९८८ च्या कलम ५२ नुसार नोंदणी-प्रमाणपत्रातील तपशील निर्मात्याने ठरविलेल्या तपशिलाहून भिन्न होतील असा बदल मालकास करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये या तरतुदीचा अर्थ कडकपणे लावला. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने अनुज्ञेय नसलेल्या बदलाबद्दल सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दर बदलास ५,००० रु. दंड अथवा दोन्ही अशी शिक्षा ठेवली. जेट वा गाळणीची नोंद प्रमाणपत्रात नसते, पण निष्कास वायूची मर्यादा प्रत्येक वाहनास पाळावीच लागते. मंद गतीवर चालणाऱ्या जुन्या पेट्रोल गाडीच्या धुरात कार्बन मोनॉक्साइड ३ टक्क्यांपेक्षा अधिक चालत नाही. मोठ्या जेटची गाडी प्रथम या तपासणीतच अडकते. नव्या वाहनांची प्ररूप-तपासणी केंद्रीय मोटार वाहन नियम १९८९ मधील नियम १२६ मध्ये नमूद केलेल्या संस्था करतात. त्यांपैकी महाराष्ट्रातील संस्थांमध्ये या दोन येतात : १९६६ मध्ये स्थापन झालेली पुण्याची ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन ऑफ इंडिया आणि संरक्षण खात्याची अहिल्यानगर येथील वाहन संशोधन व विकास आस्थापना. दुसरी संस्था कोल्हारहून जाणाऱ्या त्याच नगर–मनमाड रस्त्याच्या दक्षिण टोकाच्या शहरात आहे.